रात्रीच्या प्रवाहाचे गणित : वाफेच्या नियंत्रण व्हॉल्व्हच्या आवाजाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, रबाळे आणि महापे यांच्या दरम्यानच्या औद्योगिक पट्ट्यात रंगांसाठी लागणारी रसायने बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे वगळले आहेत आणि आकडे जवळच्या पूर्णांकात दिले आहेत. कारखान्याच्या मागच्या कुंपणाला लागून पारसिकच्या डोंगराकडून खाडीकडे जाणारा एक नाला वाहतो आणि नाल्यापलीकडे एक रहिवासी इमारत उभी आहे. कारखाना आधीचा, इमारत नंतरची. या क्रमावरून पुढे बराच वाद झाला, पण तांत्रिक प्रश्नाच्या उत्तरात त्याने काहीच फरक पडत नव्हता.

कारखान्यात ताशी ८ टन क्षमतेचा एक बॉयलर आहे आणि तो १० किलो (प्रति चौरस सेंटीमीटर) दाबाची वाफ देतो. रिअ‍ॅक्टरांच्या जॅकेटला (रसायनांच्या भांड्यांभोवतीच्या कवचाला) मात्र साडेतीन किलोचीच वाफ लागते. त्यामुळे बॉयलर हाउसच्या मागे दाब उतरवण्याचे एक स्टेशन आहे. त्यात १०० मिलिमीटरचा एक ग्लोब प्रकारचा नियंत्रण व्हॉल्व्ह असून त्यापुढे १५० मिलिमीटरची नळी नाल्याच्या बाजूच्या पाइप रॅकवरून सुमारे ५५ मीटर जाते. दिवसा ताशी ६ टन वाफ लागते. रात्री फक्त काही रिअ‍ॅक्टर गरम ठेवायचे असल्याने ताशी दीड टन पुरते. व्हॉल्व्ह निवडताना दुसरा बॉयलर येणार हे गृहीत धरले होते. तो बॉयलर आला नाही, त्याच्या हिशेबाने घेतलेला मोठा व्हॉल्व्ह मात्र राहिला.

अडचण

इमारतीच्या सोसायटीने कारखान्याला लेखी पत्र दिले. रात्री अकरानंतर न थांबणाऱ्या कुकरच्या शिट्टीसारखा आवाज येतो, तो वरखाली होतो आणि त्यामुळे झोप लागत नाही, असे त्यात म्हटले होते. पत्रातील ‘रात्री’ आणि ‘वरखाली’ हे दोन शब्द संपूर्ण प्रकरणाची किल्ली होते, पण कारखान्यात त्यांच्याकडे लगेच कोणी लक्ष दिले नाही. दिवसा वाफ चौपट वाहते तेव्हा तक्रार नसते, मग रात्री वाहणाऱ्या थोड्याशा वाफेचा आवाज कसा होईल, असा देखभाल विभागाचा सरळ युक्तिवाद होता. संशय आधी कूलिंग टॉवरवर गेला, मग गळणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हवर. कूलिंग टॉवरच्या पंख्यांचा वेग कमी करून पाहिला, तरी शिट्टी जशीच्या तशी राहिली.

कायद्याच्या बाजूने पाहता ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार औद्योगिक क्षेत्रात रात्रीची मर्यादा ७० डेसिबल आहे, तर निवासी क्षेत्रात ४५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या लेखातले सर्व आकडे ए-भारित (माणसाच्या कानाच्या संवेदनेनुसार जुळवलेल्या) डेसिबलचे आहेत. कुंपणाच्या आत मोजल्यास आपण नियमात बसतो, असे व्यवस्थापनातील काहींचे म्हणणे होते आणि ते आकड्यांपुरते खरे होते : कुंपणाशी ६८ डेसिबल मिळत होते. पण ऐकणारा माणूस निवासी इमारतीत राहतो, तेव्हा त्याच्या खिडकीशी मिळणारा आकडाच लक्ष्य मानावा, असे प्रकल्प प्रमुखांनी ठरवले. पुढचा सगळा खर्च या एका निर्णयातून आला, आणि माझ्या मते तो निर्णय योग्य होता.

आवाज नेमका कुठून

मोजमाप दोन टप्प्यांत झाले. पहिल्या टप्प्यात मध्यरात्रीनंतर, रस्त्यावरची वर्दळ ओसरल्यावर, खिडकीशी नोंद घेतली : ५८ डेसिबल. मग उत्पादन विभागाच्या संमतीने स्टेशन काही मिनिटांसाठी पूर्ण बंद केले आणि बाकी सर्व यंत्रे चालू ठेवली. आकडा ५१ वर आला. डेसिबलची वजाबाकी साध्या अंकांसारखी होत नाही. ऊर्जेच्या हिशेबाने ५८ मधून ५१ वजा केल्यास ५७ उरतात. म्हणजे खिडकीशी येणाऱ्या आवाजाचा फार मोठा भाग एकट्या या स्टेशनचा होता. ४५ च्या खाली यायचे तर किमान १२ डेसिबल कमी करायला हवे होते. उरलेल्या ५१ मध्ये रस्ता, शेजारचे कारखाने आणि आपलेच पंप मिसळलेले होते, त्यामुळे एकूण आकडा ४५ होईल असे वचन सोसायटीला देणे शक्य नव्हते. स्टेशनचा वाटा ४५ च्या आत आणू, एवढेच वचन दिले गेले. बैठकीत हा फरक समजावून सांगायला वेळ लागला, पण तो आधी सांगितला हे बरे झाले.

दुसऱ्या टप्प्यात व्हॉल्व्हच्या पुढे एक मीटर आणि नळीच्या पृष्ठभागापासून एक मीटर अंतरावर आवाज वारंवारतेच्या पट्ट्यांनुसार मोजला. शिखर ४ किलोहर्ट्झच्या अष्टक पट्ट्यात मिळाले. कूलिंग टॉवरचा आवाज याच्या कितीतरी खाली, काही शे हर्ट्झमध्ये असतो. त्याच ठिकाणी एकूण पातळी दिवसा ९८ आणि रात्री ९३ डेसिबल होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण कारखान्यात बहुतेकांची समजूत याच्या उलट होती. आवाज व्हॉल्व्हच्या आत तयार होतो हे खरे, पण व्हॉल्व्हचे ओतीव अंग जाड असल्याने तिथून तो फारसा बाहेर पडत नाही. तो वाफेबरोबर पुढे जातो आणि तुलनेने पातळ नळीच्या भिंतीतून वाटेत सगळीकडे बाहेर पडतो. नाल्याकडेची ५५ मीटर नळी हाच खरा भोंगा होता. लांब नळी हा रेषेसारखा स्रोत असल्यामुळे अंतर दुप्पट झाले तरी आवाज तीनच डेसिबल उतरतो, बिंदूसारख्या स्रोताप्रमाणे सहा नाही. ‘इमारत लांब आहे’ हा दिलासा म्हणूनच कामी येत नव्हता.

अंदाजाचे गणित

वायू किंवा वाफेच्या नियंत्रण व्हॉल्व्हच्या आवाजाचा अंदाज बांधण्यासाठी आयईसी ६०५३४-८-३ हे मानक वापरतात. खरेदीच्या वेळच्या कागदपत्रांत पुरवठादाराने हे गणित जोडले होते, पण फक्त कमाल प्रवाहासाठी. आम्ही तेच गणित दिवसाच्या आणि रात्रीच्या प्रत्यक्ष प्रवाहांसाठी पुन्हा केले.

गणितात निरपेक्ष दाब, म्हणजे वातावरणाचा दाब धरून, घ्यावा लागतो : व्हॉल्व्हच्या आधी सुमारे ११ बार, नंतर ४.५ बार. वाफेच्या बाबतीत व्हॉल्व्हमधल्या अरुंद भागातला दाब आधीच्या दाबाच्या साधारण ५५ टक्क्यांपर्यंत उतरला की तिथला वेग ध्वनिवेगाइतका होतो. या ठिकाणी तो वेग सेकंदाला जवळजवळ ४९० मीटर निघतो. मानकात प्रवाहाचे पाच प्रदेश मानले आहेत आणि आमची स्थिती तिसऱ्या प्रदेशात येत होती, जिथे ध्वनिवेग ओलांडलेल्या झोताची खळबळ मुख्यतः आवाज निर्माण करते. ताशी ६ टन वाफेच्या झोताची यांत्रिक शक्ती सुमारे २०० किलोवॉट येते. तिचा दहा हजारांतला पाचएक भागच ध्वनीत बदलतो, आणि त्यातलाही काही अंशच नळीत पुढे जातो. तरी नळीच्या आतली पातळी १५५ डेसिबलच्या घरात पोचते. भिंत त्यातला मोठा भाग अडवते म्हणून बाहेर नव्वदीतले आकडे दिसतात.

आता रात्रीचा प्रवाह घ्या. प्रवाह चौथाई झाला, पण दोन्ही बाजूंचे दाब तेच राहिले. त्यामुळे झोताचा वेगही तोच, ध्वनीत बदलणारा अंशही तोच. फक्त झोताची शक्ती २०० वरून ५० किलोवॉटवर आली. चौथाई शक्ती म्हणजे केवळ ६ डेसिबलची घट. मानकाने दिवसासाठी ९७ आणि रात्रीसाठी ९१ डेसिबल दिले आणि मोजलेले आकडे ९८ आणि ९३ होते. या पद्धतीची अचूकता साधारण अधिक-उणे ५ डेसिबल मानतात, शिवाय आमच्याकडे व्हॉल्व्हला लागूनच एक कोपर होते आणि मानक सरळ नळी गृहीत धरते. या मानाने मेळ चांगला होता. ‘थोडी वाफ, थोडा आवाज’ हा देखभाल विभागाचा युक्तिवाद येथे संपला. दिवसा हाच आवाज अधिक मोठा असतो, पण रस्त्याच्या आवाजात बुडतो. रात्री तो पाच-सहाच डेसिबलने उतरतो आणि परिसर त्याहून कितीतरी जास्त शांत होतो.

वरखाली होण्याचे कारणही प्रवाहातच होते. रेषीय ट्रिमच्या (उघडीप वाढेल त्याच प्रमाणात प्रवाह वाढवणाऱ्या आतल्या भागांच्या) या मोठ्या व्हॉल्व्हला दीड टनासाठी जेमतेम ७ टक्के उघडावे लागत होते. एवढ्या कमी उघडीपीत प्लग (वाट उघडझाप करणारा भाग) सीटजवळच, म्हणजे तो जिथे टेकतो त्या बैठकीजवळच, थरथरतो, नियंत्रक त्याला सारखा मागेपुढे करतो, आणि शिट्टीला चढउतार येतो.

शिखर ४ किलोहर्ट्झलाच का, याचे उत्तर नळीत सापडते. १५० मिलिमीटरच्या पोलादी नळीची वलय-वारंवारता (नळीचे गोल कडे ज्या वारंवारतेला स्वतःहून कंप पावते ती) १० किलोहर्ट्झच्या आसपास येते. आतल्या वाफेचा ध्वनिवेग लक्षात घेता भिंत सर्वांत ‘पारदर्शक’ होते ती वारंवारता सुमारे ३.७ किलोहर्ट्झ. आतला आवाज पसरट असला तरी याच वारंवारतेच्या आसपास तो सर्वाधिक बाहेर येतो, आणि माणसाचा कानही नेमका याच पट्ट्यात तीक्ष्ण असतो.

पर्याय

पहिला आणि सर्वांना आवडलेला पर्याय म्हणजे नळीला ध्वनिरोधक लपेटणे. नळीवर ५० मिलिमीटरची रॉकवूल आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आधीच होता, पण तो उष्णतेसाठी होता. पत्रा आधारपट्ट्यांनी नळीला घट्ट जोडलेला असल्यामुळे नळीबरोबर तोही कंप पावत होता. ध्वनीसाठीचे लपेटण आयएसओ १५६६५ या मानकात वेगवेगळ्या वर्गांत दिले आहे. त्यात पत्रा जड असतो आणि नळीपासून सुटा ठेवावा लागतो. उच्च वारंवारतेला ते चांगले काम करते, पण नळीतून जाताना आवाज फारसा कमी होत नसल्याने पूर्ण ५५ मीटर आणि सर्व फाटे झाकावे लागले असते. येथल्या पावसात पत्र्याच्या सांध्यांतून पाणी शिरून लपेटणाखाली गंज धरतो, हा अनुभव कारखान्याने घेतलेला होता.

जाड भिंतीची नळी घालण्याचा पर्याय लवकर मागे पडला. ७.१ मिलिमीटरऐवजी ११ मिलिमीटरची भिंत घेतली तरी जेमतेम ४ डेसिबल मिळतात.

खरी चर्चा झाली ती व्हॉल्व्हनंतर छिद्रांची डिफ्यूजर प्लेट बसवण्यावर. ती स्वस्त आहे, सुट्टीच्या दिवशी बसते, आणि एका पुरवठादाराने तिच्यासाठी १० डेसिबलहून अधिक घट दाखवणारा कागदही दिला होता. कागदातला प्रवाह ताशी ६ टन होता. त्या प्रवाहाला प्लेट २ बार दाब स्वतःवर घेते, व्हॉल्व्हला कमी उतरवावा लागतो आणि आवाज खरोखरच घटतो. पण प्लेटची छिद्रे स्थिर असतात आणि तिच्यावरचा दाबफरक प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. प्रवाह चौथाई झाला की २ बारचा सोळावा भाग उरतो. म्हणजे रात्री, नेमक्या तक्रारीच्या वेळी, सगळा भार पुन्हा व्हॉल्व्हवर. गणित रात्रीसाठी केले नसते तर हीच प्लेट मागवली गेली असती, आणि दिवसाच्या मोजमापात ती यशस्वीही ठरली असती.

एक पर्याय बॉयलर अटेंडंटकडून आला. “साहेब, रात्री ड्रायर बंद असतो, मग १० किलो कशाला ठेवायचे?” बॉयलर ७ किलोवर चालवल्यास गणितानुसार सुमारे ५ डेसिबल कमी होतात. कमी दाबावर वाफेबरोबर पाणी जाण्याची भीती असते हे खरे, पण ती भीती मोठ्या भाराला असते. रात्रीचा भार क्षमतेच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी होता. तेवढ्याने प्रश्न सुटणार नव्हता, पण खर्चही नव्हता, म्हणून तात्पुरता उपाय म्हणून तो लगेच लागू केला. ७ किलोचे हे रात्रीचे वेळापत्रक नवी व्यवस्था येईपर्यंत पाळले गेले.

शेवटचे दोन पर्याय उगमावर उपाय करणारे होते : जुन्याच अंगात बारीक छिद्रांचा केज (प्लगभोवतीचा जाळीसारखा दंडगोल) घालणे, किंवा रात्रीसाठी समांतर एक लहान व्हॉल्व्ह बसवणे. एका मोठ्या झोताऐवजी शेकडो बारीक झोत केले की आवाजाचे शिखर वर सरकते. ३ मिलिमीटरच्या छिद्रांना ते ३०-४० किलोहर्ट्झच्या घरात जाते. तिथे नळीची भिंत आवाज जास्त अडवते आणि माणसाला ते ऐकूही येत नाही. मोठ्या व्हॉल्व्हमध्ये असा केज घातला असता तरी ७ टक्के उघडीप तशीच राहिली असती, म्हणजे छिद्रांची खालची एखादी ओळ अर्धवट उघडी, आणि थरथर कायम. म्हणून समांतर लहान व्हॉल्व्ह, दोन टप्प्यांच्या केजसह, असा निर्णय झाला.

अंमलबजावणी

लहान म्हणजे किती लहान, यावर मतभेद झाला. पुरवठादाराने ४० मिलिमीटरचा व्हॉल्व्ह सुचवला. दीड टनाला त्याच्या तोंडाशी वाफेचा वेग ध्वनिवेगाच्या ०.२८ पट येतो. कमी आवाजाच्या व्हॉल्व्हसाठी ०.३ ही मर्यादा पाळण्याचा प्रघात आहे, कारण त्यापुढे बाहेर पडणारा झोत स्वतःच नवा आवाज करतो आणि आतल्या महागड्या केजचा फायदा वाया जातो. ०.२८ हा आकडा मर्यादेत होता, पण थंडीत रात्रीची गरज दोन टनांपर्यंत जाते आणि तेव्हा तो ०.३७ झाला असता. म्हणून ५० मिलिमीटरचे अंग घेतले.

सुरक्षेचा एक प्रश्न मात्र कोणी विचारण्याआधी विचारावा लागला. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी पूर्ण उघडे अडकले तर पुढचा सेफ्टी व्हॉल्व्ह पुरेल का? तपासणीत दिसले की जुना एकटा व्हॉल्व्हच बॉयलरच्या क्षमतेपेक्षा जास्त वाफ सोडू शकतो. त्यामुळे मर्यादा बॉयलरच्या ८ टनांची आहे, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तेवढ्यासाठी आधीच निवडलेला होता. वाफेच्या नळीत बदल असल्याने भारतीय बॉयलर नियमावली, १९५० नुसार आराखड्याची मंजुरी आणि पात्र वेल्डर लागले. कामाचा बराचसा वेळ यात गेला. नव्या व्हॉल्व्हच्या आधी पाणी वेगळे करणारा सेपरेटर आणि छिद्रांपेक्षा बारीक जाळीचा गाळक बसवला, कारण जुन्या नळीतली गंजाची खपली एकदा केजमध्ये अडकली की व्हॉल्व्ह निकामी होतो.

नियंत्रणात लहान व्हॉल्व्ह ९० टक्के उघडल्याशिवाय मोठा उघडणार नाही, आणि उघडेल तेव्हा थेट १२ टक्क्यांवर जाईल, अशी रचना केली. मोठ्याने पुन्हा सीटजवळ थरथरू नये हा तिचा हेतू होता.

परिणाम

चालू केल्याच्या रात्री बॉयलर पुन्हा १० किलोवर ठेवला आणि एक मीटरवर ८४ डेसिबल मिळाले. ९३ वरून ही घट ९ डेसिबलची होती, अपेक्षा मात्र ७७ च्या आसपासची होती. पुरवठादाराने मोजमापावर शंका घेतली, आम्ही केजवर. शेवटी मोठ्या व्हॉल्व्हच्या आधीचा हाताचा व्हॉल्व्ह बंद केला आणि आकडा ७७ वर आला. मोठा व्हॉल्व्ह ‘बंद’ असूनही पासिंग होता, म्हणजे वाफ गळू देत होता. दीर्घकाळ सीटजवळ चालल्याने वाफेने सीटवर बारीक चर पाडले होते. दीड टनाच्या दहाव्या भागाएवढी वाफ त्या चरांतून जात असली तरी तिचा वेग ध्वनिवेगाचाच असतो, म्हणून तिचा एकटीचा आवाज ८३ डेसिबल होता. सीट लॅपिंग करून (घासून गुळगुळीत करून) घेतल्यावर हाताचा व्हॉल्व्ह उघडा ठेवूनही ७७ टिकले.

खिडकीशी स्टेशन चालू असताना ५२ आणि बंद असताना ५१ डेसिबल मिळाले. एवढ्या कमी फरकावरून स्टेशनचा वाटा विश्वासाने वजा करता येत नाही. फरक तीन डेसिबलपेक्षा कमी असला की वजाबाकी नावापुरती राहते. म्हणून एक मीटरवरची १६ डेसिबलची घट खिडकीच्या ५७ मधून वजा करून ४१ हा अंदाज सोसायटीला दिला, आणि तो अंदाज आहे असे लिहून दिला. उंच वारंवारता हवेत अधिक शोषली जात असल्याने प्रत्यक्ष आकडा याहून कमीच असावा. शिट्टीबद्दलची तक्रार त्यानंतर आली नाही. कूलिंग टॉवरबद्दल मात्र आली, कारण आता तो ऐकू येऊ लागला होता.

वेगळे काय करता आले असते

खरेदीच्या वेळी आवाजाचे गणित किमान, नेहमीच्या आणि कमाल अशा तिन्ही प्रवाहांसाठी मागायला हवे होते. त्याला वेगळा खर्च नसतो, फक्त तपशीलपत्रात दोन रकाने वाढतात. दुसऱ्या बॉयलरसाठी मोठे अंग घेण्यास हरकत नव्हती, पण त्यात आजच्या प्रवाहापुरता लहान ट्रिम बसवून पुढे बदलता आला असता. नव्या व्हॉल्व्हची ऑर्डर देण्यापूर्वी जुना घट्ट बंद होतो का, हे हाताचा व्हॉल्व्ह फिरवून पाच मिनिटांत कळले असते आणि चालू करतानाचा वाद टळला असता.

दिवसाचे ९८ डेसिबल अजून तसेच आहेत. तिथे कोणी आठ तास उभे राहत नाही, तरी आठ तासांसाठीची ९० डेसिबलची मर्यादा तिथे ओलांडली जाते. म्हणून कानसंरक्षण सक्तीचे केले आहे आणि मोठ्या व्हॉल्व्हसाठी बारीक छिद्रांचा केज पुढच्या वार्षिक बंदच्या यादीत आहे. त्यासाठी मागवलेल्या कोटेशनमध्ये तीन प्रवाहांचे आकडे मागितले होते. तीनपैकी दोन पुरवठादारांनी पुन्हा एकाच प्रवाहाचा आकडा पाठवला आणि त्यांना पत्र परत गेले आहे.